एकशे आठ डिग्रीचा माणूस

सोमवार, ६ एप्रिल

आजवर या दोन हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा:

घराचं फाटक, नक्षीसकट. कामाच्या शेडचं छत पेलणाऱ्या सगळ्या कैच्या. पाणी तापवायचा बंब (पत्र्याचा आहे, पण तांब्याच्या तोंडात मारेल असा). देवघरातली फिरती लाइट. सौ.साठी शेवयांचं इलेक्ट्रिक मशीन. एकदाच चाललं, ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. रशीदभाईंच्या चहाच्या टपरीचं दुमडतं छत. आणि कूलर. बेलापूरपासून उक्कलगावपर्यंत उन्हाळ्यात जो माणूस शांत झोपतो तो माझ्या कूलरपुढे झोपतो, हे म्हणणं थोडं जास्त होईल, पण फार नाही.

पैकी सर्वोत्तम: कूलर नंबर एक. आमच्या स्वतःच्या घरातला. बावीस गेजचा पत्रा, तीन बाजूंना गवत, पंख्याची पाती हाताने वाकवलेली. सध्या बंद आहे. पंप अडकलाय.

हे सगळं नववी अर्ध्यावर सोडून. गुरू कोणी नाही. वस्तू उघडायची, बघायची, परत बसवायची. बसवताना एखादा स्क्रू उरला तर तो कंपनीने जास्तीचा घातलेला असतो.

यादी करायचं कारण, समर्थचा फोन. चिरंजीव सुप्याला कारखान्यात आहेत. म्हणाला, आईसाठी एसी घेतो, हप्ते मी भरतो. म्हणजे गावभर माझे कूलर आणि माझ्याच भिंतीवर दुसऱ्याचा एसी. गिऱ्हाइकाने उद्या विचारलं तर काय सांगू? हा एसी घरी सांभाळायला दिलाय म्हणून?

निमित्त काय, तर मागच्या मे महिन्यात सौ.ला स्वयंपाक करता करता चक्कर आली. तवा पडला, मनगट भाजलं. डाग आहे अजून. पण तेव्हा पंप अडकलेला होता, त्याला इलाज नव्हता. गिऱ्हाइकाचं काम आधी, हे माझं तत्त्व आहे.

संकल्प: उद्या पंप.

बुधवार, ८ एप्रिल

पंप राहिला. दोन मोटारी जळून आल्या.

पण एक विचार सुचला आणि तो पंपापेक्षा मोठा आहे. माणसाला एसी लागतो का? ऊन वाढलं तर अंग तापतं का, किती तापतं, आणि तापलं तर बिघडतं काय? हे कोणी मोजलंय? मोजलंच असेल तर बेलापुरात मोजलंय?

ट्रंकेत समर्थच्या लहानपणचं पाऱ्याचं थर्मामीटर सापडलं. काच शाबूत, आकडे स्पष्ट. जिभेखाली धरलं. १००.२. म्हणजे अंगात ताप, आणि मला पत्ताही नाही. बारा वाजता तीन भाकरी खाल्ल्या होत्या.

सौ. म्हणाली, "अवो, आदी झटका द्या त्याला. पारा आपून हून खाली येत न्हाई."

तिला समजावलं. तीस वर्षं व्होल्टमीटर, अँपमीटर हाताळतोय. मीटरला धक्का लागला की मीटर संपलं. मोजायच्या वस्तूला झटका देणं म्हणजे तराजूला लाथ मारून मग वजन करणं. ती म्हणाली, डॉक्टर झटकतात. म्हटलं, डॉक्टरांना ते फुकट मिळतं.

थर्मामीटर शेडमध्ये पत्र्यालगत खिळ्याला अडकवलं. हाताशी असलेलं बरं.

शुक्रवार, १० एप्रिल

दुपारी दोन. शेडमधली हवा ३९. (हे डायल मीटर पोल्ट्रीवाल्याच्या जुन्या इन्क्युबेटरमधून काढलेलं आहे. कोंबडीला चालतं ते मला चालतं.) अंग १०२.२.

संध्याकाळी परत मोजलं. हवा ३२ वर उतरलेली. अंग १०२.२ च. म्हणजे माझं अंग एकदा चढलेली उष्णता सोडत नाही. थर्मास.

तब्येत उत्तम. भूक उत्तम. सौ.ला आकडा सांगितला तेव्हा तिने कपाळाला हात लावून पाहिला आणि गार हाय म्हणाली. हाताने तापमान मोजणारी माणसं अजून आहेत.

पंप: उद्या नक्की.

रविवार, १२ एप्रिल

समर्थ आला. येताना श्रीरामपुरातून सूर्यभानच्या दुकानाचं पत्रक घेऊन आला. सूर्यभान म्हणजे पूर्वी माझ्याकडून कूलर घेऊन विकणारा इसम. आता एसी विकतो आणि शर्ट इन करतो. पत्रकावर लिहिलंय, जुना कूलर द्या, कोणत्याही अवस्थेत, आणि एसीवर सूट मिळवा. 'कोणत्याही अवस्थेत' हे शब्द माझ्या कूलरला उद्देशून आहेत, हे मला कळतं.

जेवताना विषय निघाला. मी माझे आकडे मांडले. माणसाचं अंग हवेबरोबर तापतं, हवेबरोबर राहतं आणि सवय झाली की काहीही होत नाही. पुरावा समोर बसून आमटी ओरपतोय. समर्थ ऐकून घेत होता. मग म्हणाला, बाबा, हे तुमचं झालं. आईचं काय?

सौ. पदराने मान पुसत होती. स्वयंपाकघरात वारं नाही हे खरं आहे. खिडकी मीच काढलेली आहे, पण ती दक्षिणेला निघाली.

शेवटी ठराव झाला. ३ मे, रविवार. ऐन दुपारी मी शेडमध्ये बसेन, सगळ्यांसमोर. मला काही झालं नाही तर घरात एसी येणार नाही, विषय कायमचा बंद. काही झालं तर दुसऱ्या दिवशी एसी. समर्थ तयार नव्हता. सौ. म्हणाली, "व्हय म्हन त्यास्नी. न्हाईतर धा वर्सं हेच ऐकावं लागंल."

आत्मविश्वास: पूर्ण.

मंगळवार, १४ एप्रिल

समर्थने जाताना एक डिजिटल थर्मामीटर ठेवलंय. बॅटरीवरचं. लावून पाहिलं. टूं टूं झालं आणि ९८.४ दाखवलं. लगेच पाऱ्याचं लावलं: १०४. एकाच तोंडात दोन उत्तरं. त्यातलं एक खोटं हे उघड आहे. जे वाजतं ते खोटं.

उघडून दुरुस्त केलं. आता ते काहीच दाखवत नाही. म्हणजे निदान खोटं तरी दाखवत नाही.

गुरुवार, १६ एप्रिल

रशीदभाईंच्या टपरीवर विषय काढला. टपरी शेडच्या समोरच आहे. चाळीस वर्षांची ओळख, माझं काही लपलेलं नाही त्यांच्यापासून. म्हटलं, मी सध्या एकशे चारवर चालतोय.

त्यांनी चहा गाळता गाळता विचारलं, डिझेलवर का पेट्रोलवर?

बसलेले चार जण हसले. हसू देत. मी थर्मामीटर दाखवलं. हातोहात फिरलं. सगळ्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि हसणं थोडं कमी झालं. मला टेकून बसलेला एक जण तर सरकून बसला.

रशीदभाईंनी ते स्वतः तोंडात घातलं. १०४. ते घाबरले. मी सांगितलं, घाबरू नका, तुम्ही पण माझ्यासारखेच आहात, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं. ते घरी गेले आणि तासभर आडवे झाले म्हणे. टपरी तेवढा वेळ मी सांभाळली. साखर जास्त पडली.

शनिवार, १८ एप्रिल

राहुरीला कृषी विद्यापीठात जाऊन आलो. आकडे बरोबर नेले होते. एका साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. त्यांच्याकडे ज्वारी उष्णतेला कशी टिकते हे बघणारी माणसं आहेत. माणूस कसा टिकतो हे बघणारं कोणी नाही. म्हणजे या विषयात जिल्ह्यात सध्या मी एकटाच.

येताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही. लई गरम झालं. पण ते एसटीमुळे.

सोमवार, २० एप्रिल

आज महत्त्वाचा शोध.

दुपारी काम करताना बनियन पिळून निघालं आणि डोक्यात ट्यूब पेटली. घाम म्हणजे काय? लीकेज. टाकीतलं पाणी गळत असेल तर आपण टाकीला दोष देतो, सील करतो. आणि अंग गळत असेल तर पंख्याखाली बसतो. का? गळणाऱ्या यंत्राची शोभा गिऱ्हाइकासमोर कशी होते हे मला विचारा. तीस वर्षांत माझ्या एकाही कूलरची टाकी गळालेली नाही. (उक्कलगावचा एक. पण ती उंदराने.)

उपाय दोन. पहिला, पाणी कमी पिणे. भरलंच नाही तर गळेल काय? दुसरा, वरून सील.

टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंग पेपर. वरून चंदेरी, आतून काळा, वारा-पाणी काही जात नाही. टरबूजवाल्या श्रीमंतच्या शेतावर गुंडाळी उरलेली होती, मागून आणली. त्याचा कोट शिवला. बाही अंदाजाने कापली तरी दोन्ही सारख्या आल्या. गळ्याशी आणि मनगटाशी इलॅस्टिक. हातांनी केलेल्या वस्तूंच्या यादीत भर.

सौ.ने पाहिलं आणि विचारलं, हे घालून बाहेर जानार का?

गेलो. रशीदभाई म्हणाले, "मिस्त्री, आता फकस्त गोड निघा, म्हंजे झालं."

शुक्रवार, २४ एप्रिल

विलक्षण दिवस. शेडमधल्या डायलवर बरोबर ४२. बेचाळीसचे फॅरनहाइट केले. नऊने गुणून, पाचने भागून, बत्तीस मिळवून: १०७.६. खिळ्यावरचं थर्मामीटर काढलं, तोंडात घातलं, पाहिलं. १०७.६.

तंतोतंत. दशांशासकट. हवा आणि मी यांत आता फरक उरलेला नाही.

सौ.ला धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, तोंडात घालायच्या आदी किती हुतं ते बघितलं का? म्हटलं, तोंडात घालायच्या आधी बघून काय करायचं, तेव्हा ते माझं तापमान नसतंच. शास्त्र समजावताना धीर धरावा लागतो.

कोट घालून एक तास बसलो. आतून ओलं झालं, बाहेर थेंब नाही. सील शंभर टक्के.

थोडं डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

पंपाचं बुशिंग श्रीरामपूरला मिळेल. सोमवारी.

मंगळवार, २८ एप्रिल

डायल ४४. थर्मामीटर: १०८. पारा टोकाला टेकलाय. त्याच्या पुढे आकडेच छापलेले नाहीत. कंपनीने माझ्यासारखा माणूस धरलेलाच नव्हता.

एकशे आठ. जपमाळेत मणी तेवढेच. मी योगायोग मानत नाही, पण नोंद करून ठेवतो.

रशीदभाई म्हणाले, एकशे आठ म्हंजे तर अँब्युलन्सचा नंबर. हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, मिस्त्री, त्या कोटात बसू नका, पुतणीला विचारून घ्या. त्यांची पुतणी सुमैरा डॉक्टर आहे, गावातच दवाखाना आहे, हुशार मुलगी. पण ती शिकलेली आहे. शिकलेल्या माणसाला पुस्तकात नसलेलं दिसत नाही.

सौ. म्हणते, एवढा ताप असल्यावर मानूस जित्ता ऱ्हातो व्हय? म्हटलं, राहतो, समोर बसलाय, चहा टाक.

तिने चहा टाकला नाही. भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, थोडं गरगरतंय. मी तिला मोजायला थर्मामीटर दिलं. तिलाही १०८. म्हटलं, बघ, तुझी पण सवय व्हायला लागली. तिने ते माझ्या हातात परत दिलं आणि चप्पल घालून निघून गेली.

गुरुवार, ३० एप्रिल

सौ. दुपारची घरी नसते. आज कळलं कुठे असते. रशीदभाईंच्या घरी, खुर्शीदभाभींकडे. अकरा वाजता भाकरी करून ठेवते आणि तिकडे जाऊन पडते, चार वाजता येते. त्यांच्याकडे कूलर आहे.

मी केलेला. पंधरा वर्षांपूर्वीचा. एक नंबर चालतो, आवाज नाही. पंप मीच दर वर्षी होळीच्या आधी बघून येतो.

म्हणजे सौ. माझ्याच कूलरपुढे झोपते. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

तरी पंप काढून बसलो. बुशिंग नव्हतं. परत बसवला. स्क्रू एक उरला.

शनिवार, २ मे

उद्या. तयारी पूर्ण.

संकल्प: १) सकाळपासून पाणी नाही, म्हणजे गळायला काही नाही. २) कोट, गळ्याशी डबल इलॅस्टिक. ३) चेहऱ्यावर हसू, कारण सूर्यभान पण येणार आहे म्हणे. त्याला कोणी बोलावलं? समर्थने. ठीक आहे. बघू दे.

हरलो तर काय, याचा विचार केला. हरलो तर उन्हाळ्यात एकही गिऱ्हाईक मला कूलरची ऑर्डर देणार नाही. म्हणतील, त्याच्या घरी एसी आहे. म्हणून हरायचं नाही. हे एवढं साधं आहे.

सौ. जेवण वाढताना म्हणाली, नगा करू, एसी बी नगं मला. म्हटलं, आता विषय एसीचा नाही, शास्त्राचा आहे. ती म्हणाली, माझा इषय कधीच नव्हता का?

मी कढी परत वाढून घेतली. कढी छान होती.

रविवार, ३ मे, सकाळी अकरा

हवा ४३, अजून चढेल. अंग १०८, स्थिर. मन शांत. मंडळी जमतायत. रशीदभाईंनी टपरी बंद करून बाक आणलाय. सूर्यभान गॉगल घालून आलाय, शेडमध्ये. सौ. दारात उभी आहे, बाहेरच्या बाजूला.

पेन ठेवतो. बाकीचं जिंकल्यावर.

मंगळवार, ५ मे

दवाखान्यातून घरी.

काय झालं ते मला जेवढं माहीत आहे त्यापेक्षा जास्त लोकांना माहीत आहे, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावरून लिहितो.

पहिला तास उत्तम गेला. मी सूर्यभानला पत्र्याचे गेज समजावून सांगत होतो. मग, लोक म्हणतात, मी तेच परत पहिल्यापासून समजावून सांगायला लागलो. मग मी त्याला 'पंप' म्हणून हाक मारली. मला थंडी वाजते असंही म्हणालो म्हणे. कोट आतून कोरडा पडलेला होता. सील शंभर टक्के होतं, पण आत सील करायला पाणीच उरलं नव्हतं.

मग मी खुर्चीवरून खाली आलो. न सांगता.

सौ.ने पटाशी घेऊन कोट फाडला. गळ्यापासून खालपर्यंत, दोन झटक्यांत. एवढ्या कष्टाचा कोट. रशीदभाईंनी १०८ ला फोन लावला, पण त्याआधी सुमैरा डॉक्टर स्कूटीवर पोचल्या. समर्थ आणि सूर्यभान दोघांनी मिळून खुर्शीदभाभींच्या घरातून कूलर उचलून आणला, पाण्याने भरलेला, रस्त्याने सांडत. सूर्यभानचा इन केलेला शर्ट भिजला एवढं मला नंतर समजलं आणि बरं वाटलं.

कूलर माझ्यावर लावला. ओल्या चादरी टाकल्या. तेव्हाचं मला एवढंच आठवतं की गवताचा ओला वास आला आणि मला वाटलं, पंप चांगला चाललाय, कोणी दुरुस्त केला?

डॉक्टरांनी खिळ्यावरचं थर्मामीटर काढलं. १०८ बघून त्यांनी काय केलं, तर मनगटातून जोरात झटकलं. तीन वेळा. मी पाहत होतो, पण अडवायला हात उठत नव्हता. मग मला लावलं. १०३.८.

तोपर्यंत सगळे म्हणजे पन्नासेक माणसं शेडबाहेर जमलेली होती.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "हे खरं आहे. आधीचं सगळं या पत्र्याचं तापमान होतं."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

श्रीरामपूरच्या मोठ्या दवाखान्यात दोन सलाइन लावल्या. संध्याकाळपर्यंत ९९. दोन रात्री तिथेच ठेवलं. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने विचारलं, काय होतं? समर्थने सांगितलं, ऊन लागलं. मी म्हणालो, प्रयोग होता.

बुधवार, ६ मे

सुमैरा डॉक्टर घरी येऊन गेल्या. बीपी बघितला. मग स्टुलावर बसून समजावलं, मुलाला समजावतात तसं. बाहेर चाळीस असो नाहीतर बेचाळीस, आतलं अंग अठ्ठ्याण्णवच्या आसपासच राहायचा प्रयत्न करतं. कातडीकडे रक्त जास्त जातं, घाम येतो, घाम हवेत उडतो आणि उडताना उष्णता घेऊन जातो. बाहेर जास्तच तापलं, किंवा पाणी कमी पडलं, किंवा घाम उडालाच नाही, तर मात्र आत चढायला लागतं. एकशे चारच्या पुढे गेलं की मेंदू गडबडतो.

मग म्हणाल्या, "काका, तुमचं अंगच कूलर आहे. घाम म्हणजे गवतावरचं पाणी. तुम्ही कूलर प्लास्टिकमध्ये गुंडाळलात आणि टाकीत पाणी भरायचं बंद केलंत."

मी आयुष्यात कधीही चालू कूलर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नाही. हे त्यांना सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

तीस वर्षं मी हीच वस्तू करतोय, पत्र्याची. आणि माझ्या अंगात एक बसवलेली होती ते पाहिलं नाही. त्यात लीकेज समजून... असो.

सौ. पाणी घेऊन आली, तांब्याभर. म्हणाली, "पंप दुरुस्त करायचा ऱ्हायला, अन् मानूस बंद पडला."

सगळं प्यायलो.

शुक्रवार, ८ मे

शांतपणे विचार केला असता, प्रयोग फसला असं म्हणता येत नाही. मी म्हटलं होतं अंग तापतं. तापलं. मी म्हटलं होतं मोजलं पाहिजे. मोजलं गेलं, फक्त दुसऱ्यांकडून. थर्मामीटरमध्ये दोष नव्हता. माझं तत्त्व व्होल्टमीटरला लागू आहेच. पाऱ्याच्या बाबतीत कंपनीने तसं छापायला पाहिजे होतं.

रशीदभाई येऊन बसले होते. त्यांनी विचारलं, मग त्या दिवशी मी तासभर आडवा झालो ते कशामुळे? मी सांगितलं, माझ्यामुळे. ते म्हणाले, हां, मग ठीक.

संकल्प: एसीबाबत ठराव पाळणार. शब्द म्हणजे शब्द.

रविवार, १० मे

एसी आला. बसवायला आलेल्या पोराला ड्रेन पाइपचा उतार कळत नव्हता. मी शिडीवर चढून नीट करून दिला. (सौ. खालून ओरडत होती.) पाइपातून पाणी गळतं. यंत्र साठ हजारांचं असलं तरी गळतंच, हे सर्वांच्या लक्षात आणून दिलं. सूर्यभान म्हणाला, ते गळायलाच पाहिजे. सगळे हेच म्हणायला लागलेत.

कूलर नंबर एकसाठी त्याने एक्स्चेंजचं पुन्हा विचारलं. मी सरळ कूलर गच्चीवर नेऊन ठेवला. समर्थने दुसरी बाजू धरली.

मी शेडमध्ये झोपणार. शत्रूच्या हवेत झोपणार नाही.

सोमवार, ११ मे

शेडमध्ये डास फार.

मंगळवार, १२ मे

एसीचा कॉम्प्रेसर कसा चालतो याचा अभ्यास करायचा असेल तर खोलीत झोपणं आवश्यक आहे. अभ्यासापुरता झोपलो.

शनिवार, १६ मे

सकाळचे साडेसात. बाहेर आत्ताच ३४. एसी चोवीसवर. मी गोधडी घेतलेली आहे, कारण अभ्यास करताना गारठा बाधतो.

सौ. अजून झोपलीय. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, मे महिन्यात ती माझ्या नंतर उठलीय असं कधी पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं आहे, मनगट गोधडीबाहेर आहे. डाग आहे तसाच. पण फिका झालाय की मी आजच नीट पाहिला, ते सांगता येत नाही. चहा मी टाकला. साखर जास्त पडली.

अंगाचं तापमान: ९८.४. (झटकून.)

कूलर नंबर एक गच्चीवर आहे. सौ.ने त्यात कांदे भरलेत. तिन्ही बाजूंनी वारा खेळतो, एकही कांदा नासलेला नाही. तो टरबूजवाला श्रीमंत शेतावरून येऊन बघून गेला आणि तसाच एक करून द्या म्हणाला. गवत नको, पंप नको, फक्त सांगाडा. ऑर्डर घेतली. उन्हाळ्यातली पहिली.

काल संध्याकाळी सूर्यभान घरी आला होता. शर्ट इन. त्याला श्रीरामपूरच्या चौकात फ्लेक्स लावायचाय, माझा मोठा फोटो, चंदेरी कोट घालून (कोट नवा शिवून देतो म्हणाला), हात जोडून, आणि खाली लिहायचं: 'एकशे आठ डिग्रीवाले अजिनाथ मिस्त्री आता आमच्याच एसीत झोपतात.' मी त्याला सांगितलं की मी झोपत नाही, अभ्यास करतो, आणि दारापर्यंत सोडून आलो. ऑफर नाकारली. रक्कम एकवीसशे रुपये, वर एका वर्षाची सर्व्हिस मोफत.